आते, वास येना

आते,

तुझ्या बाराव्याला आलेले लोक तुझ्या हातांबद्दल बोलले. स्टिअरिंगवरचे हात, पंगतीत एक थेंब न सांडता सोलकढी वाढणारे हात. कोणी तुझ्या आवाजाबद्दल बोललं. हळर्णच्या तिठ्यावरून तू हाक मारलीस की फॅक्टरीतल्या बायका घराघरांतून कशा धावत यायच्या, त्याची आठवण निघाली. तुझ्या नाकाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. काढणार तरी कसे? तुझं नाक गेलेलं आहे हे आपल्या दोघींशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, कळत नाही. कॉलेजात प्रयोगवहीत आम्ही उद्देश, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असं ओळीनं लिहितो. तुझ्याबद्दल तसं लिहायला गेले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. म्हणून जसं सुचेल तसं लिहिते. तुला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि एक सांगायची आहे. कबूल करायची ती ही, की त्या सोमवारी सकाळी मी तुझ्याशी खोटं बोलले. सांगायची ती शेवटी सांगते. मधलं सगळं घडलं नसतं तर ती सांगायला उरलीच नसती.

तुझं नाक गेलं ते साथीच्या तापात. ताप उतरला, खोकला गेला, नाक काही परत आलं नाही. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा तू चुलीपुढे बसून बाहेर पाहत होतीस आणि तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती. मी ओरडत आत आले. तू भाकरीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "कोणाक सांगू नाका हां, बाय. वास येना त्या ड्रायव्हराच्या गाडयेत कोण बसतलां?"

मला तेव्हा त्यात काय एवढं, असं वाटलं. गाडी डोळ्यांनी चालवतात, नाकाने थोडीच चालवतात? तू माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंस. शिरगावची खाण बंद पडून ट्रक विकावा लागला, त्यानंतर आतोबांनी ही व्हॅन घेतली आणि त्यांच्यामागे ती तूच चालवलीस, रोज सकाळी पाच बायकांना फॅक्टरीवर सोडत. इतक्या वर्षांत तू तिची निम्मी दुखणी नाकाने ओळखली होतीस. क्लच जळला की वेगळा वास, ब्रेक तापले की वेगळा, वायर वितळू लागली की वेगळा. "आता माजां नाक तूं," तू म्हणालीस. असं मी तुझं नाक झाले. तेव्हा मी बारावीत होते आणि आपल्या घरात बारावीपर्यंत पोचलेली पहिलीच होते. पण घरात माझा जो मान वाढला तो नाकामुळे, हे मला पक्कं आठवतं.

रोज सकाळी सहाला पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याच्या सुमारास तू मला उठवायचीस. त्याच्याकडून उंडे पाव घेऊन येतानाच व्हॅनचं दार उघडायचीस. इंजिन पुढच्या सीटखाली. ती सीट उचलायची, चावी फिरवायची आणि मला म्हणायचं, "हुंगून पळय गो."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की कुठल्याही रसायनाला थेट नाक लावायचं नाही, हाताने वाफ हळूच आपल्याकडे ओढायची. मी तशी हात हलवत उभी राहायचे. तू वैतागायचीस. "माश्यो मारता काय गो? नाक घाल मगो नीट! कॉलेजात गेलां म्हणान तुजां नाक एवढां शाणां जालां?"

आणि मग तुझा नेहमीचा प्रश्न, "कच्चो काय पिको?"

हे शब्द मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. पेट्रोलच्या वासाला तू आंब्यासारखं कच्चा आणि पिका म्हणायचीस. कच्चा वास म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचा, पंपावर येतो तसा, थंड आणि नाकात टोचणारा. तो आला म्हणजे कुठेतरी गळतंय. पिका वास म्हणजे इंजिनातून जाऊन सायलेन्सरमधून बाहेर पडलेला, धुराचा, डोळे चुरचुरवणारा. तो आला म्हणजे गळत नाही, इंजिन हवं त्यापेक्षा जास्त पेट्रोल पितंय. मागच्या वर्षी असाच वास आला. मी "पिको" म्हटलं आणि तू एका मिनिटात चोकची अडकलेली तार सोडवलीस. मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. पुढे वर्गात अपूर्ण ज्वलन शिकवलं तेव्हा मी मनात म्हटलं, हा तर पिका वास.

तुला मी कॉलेजातलं काहीबाही सांगायचे, ते तू असं ऐकायचीस की मला वाटायचं, कंटाळली आहे. एकदा सांगितलं की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, खाली जमिनीलगत साठून राहते. तू चहा ओतत राहिलीस. दुसऱ्या दिवसापासून चावी फिरवण्याआधी व्हॅनची दोन्ही बाजूंची दारं उघडी टाकायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "जड आसा मगो ती? मगे भायर पडूंक तिका वाट दी." माझं शिक्षण कोणाच्या उपयोगी पडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

परसूमिस्त्रींची गोष्ट मी अजून कॉलेजात सांगते. तुये गावच्या औद्योगिक वसाहतीजवळ त्यांनी नवीन गॅरेज टाकलं होतं. माणूस बेळगावकडचा, आपली बोली कानावर पडलेली नाही. ते व्हॅनखाली आडवे, तू बाहेर उभी, मी सीटपाशी. त्यांनी खालून विचारलं, "वास येतोय काय बघा." मी मान हलवली आणि तू मोठ्याने सांगितलंस, "येना!"

ते अंग झाडत बाहेर आले आणि तुझ्यापुढे उभे राहिले. "आलो की आक्का. काय म्हणतासा?"

"कोणी आपयलो तुका?"

"तुम्हीच की. ये ना म्हणालासा न्हवं?"

"वास येना म्हणलां रे, बाबा! वास!"

"मग 'येत नाही' म्हणा की. मी आपला पाना टाकून आलो."

तू व्हॅनला टेकून हसत राहिलीस, पदर डोळ्यांना लावलास. त्यानंतर त्यांना मुद्दाम पिडायला तू गॅरेजच्या दारातूनच "येना, येना" करत शिरायचीस आणि ते आतून "आलो, आलो" म्हणायचे.

आता जे कठीण आहे ते लिहिते.

तू गेलीस त्याच्या आधीचा दीड महिना सकाळी गाडी सुरू करताना वास येत होता. कच्चा. सुरू करताना यायचा, मी बरोबर येऊन पाहिलं तर तिठ्यापर्यंत टिकायचा आणि मुख्य रस्त्याला लागेतो नाहीसा व्हायचा. मी तुला सांगितलं. तू टाकीचं झाकण बदललंस, कारण त्याचं रबर चिरलेलं होतं. वास गेला नाही. आणि जाणार नव्हताच, टाकी मागे आणि वास पुढे. दोनदा तू बायकांना फॅक्टरीवर सोडून तशीच परसूमिस्त्रींकडे गेलीस. त्यांनी सीट उचलून सगळं पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत. "काय गळत न्हाई आक्का. पोरीच्या नाकाला भास झाला असंल," असं ते म्हणाल्याचं तू मला येऊन सांगितलंस. तू हसतच सांगितलंस. मला मात्र लागलं. खरंच भास असेल काय, असंही वाटू लागलं.

त्याच दिवसांत आपलं अगरबत्तीवरून भांडण झालं. गाडी सुरू करण्याआधी डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे तू अगरबत्ती लावायचीस. मी म्हटलं, आते, सीटखाली पेट्रोलचा वास येतोय आणि तू वर निखारा ठेवतेस? तू म्हणालीस, इतकी वर्षं लावते, देवाने सांभाळलं. मी म्हटलं, आता लावू नकोस. तू म्हणालीस, देवाला वास नको? आणि मी ते बोलले. "तुला तर वासच येत नाही, मग कोणासाठी लावतेस?"

तुझा चेहरा उतरला. "माका येना म्हणान देवाक येना?" एवढंच म्हणालीस आणि दार ओढून निघून गेलीस. त्यानंतर तू माझ्यासमोर अगरबत्ती पेटवली नाहीस, तिठ्यावर पेटवत असशील असं मी धरून चालले, आणि आपण दोघींनी तो विषय काढला नाही. मी माफी मागायची ठेवली. रोज ठेवत गेले.

आणि तो सोमवार. माझी नऊ वाजता प्रात्यक्षिक परीक्षा होती. रात्री नीट झोप नाही, वही अपुरी. तू हाक मारलीस, मी दात घासत बाहेर आले. सीट उचललेली होती. तू चावी फिरवलीस. वास आला. कच्चा, रोजच्यापेक्षा जास्तच. "कच्चो काय पिको?" तू विचारलंस. कच्चा म्हटलं तर तू गाडी थांबवणार, परत सगळं उघडणार, मला टॉर्च धरायला लावणार, बायकांना उशीर, मला उशीर. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं.

"येना," मी म्हटलं.

"बरी हुंगलंय?"

"येना गो आते. जा तूं."

तू सीट खाली टाकलीस आणि गेलीस. तू वळणावर दिसेनाशी झालीस तेव्हा मला अगरबत्ती आठवली. पाच बायका, तू, गळतं पेट्रोल आणि पेटलेली अगरबत्ती. परीक्षेत मी एकच माप तीनदा चुकीचं घेतलं, तेव्हा सरांनी विचारलं, ताप आहे का. दुपारी तू घरी आलीस, ओसरीवरच्या बलकांवात बसून चहा प्यायलीस, मला विचारलंस, पेपर कसा गेला. मी बरा म्हटलं. तू वाचलीस हे पाहून मला इतकं हलकं वाटलं की खरं सांगायचंच राहिलं. उद्या सांगू म्हटलं. पण मंगळवारी पाडेली झाडावर चढून नारळ काढणार होता म्हणून तू गाडी काढली नाहीस. बुधवारी तुला बरं वाटत नव्हतं. गुरुवारी दुपारी जेवून आडवी झालीस ती उठली नाहीस.

डॉक्टर हृदय म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, पेट्रोलच्या वासाने असं होतं काय? ते माझ्याकडे नवलाने पाहून म्हणाले, तसा काही संबंध नाही. मी परत विचारलं. ते परत नाही म्हणाले. तरीसुद्धा बारा दिवस मी व्हॅनच्या बाजूने गेले नाही, परसातल्या दाराने ये-जा केली.

बाराव्याला रेशमाकाकी आल्या. पुढच्या सीटवर नेहमी तुझ्या बाजूला बसायच्या त्या. जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. सातच्या पाळीला बस मिळत नाही, त्या सांगत होत्या. पाचजणी अर्धा रस्ता चालत जातात, तिघींना उशिराबद्दल समज मिळाली आहे, अजून एकदा उशीर झाला तर पाळी बदलतील, आणि दुपारच्या पाळीला गेलं तर पोरांना शाळेतून आणणार कोण? मग हळूच म्हणाल्या, "लायसन आसा मगो तुका? तुजे आतेन मागे लागून काडूंक लायलां तां."

लायसन्स होतं. कॉलेज साडेनऊचं. त्यांना सातला सोडून मी सहज परत येऊ शकत होते. पण त्या व्हॅनमध्ये काय आहे ते मलाच माहीत होतं. मी नको म्हणू शकले असते, कारण न देता. ते सोपं होतं. आते, खरं सांगते, मी आधी तेच करणार होते.

मग मी सांगितलं. तुझं नाक, कच्चा वास, सोमवार, सगळं. रेशमाकाकी ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता या उठून सगळ्यांसमोर बोलतील.

त्या म्हणाल्या, "आमकां पण येतालो गो वास."

मला कळेना.

"पाचांयजणींक येतालो. तिका येना तां आमकां खबर आशिल्लां. एक दिस सुक्या बांगड्यांची पिशवी गाडयेत उरली, तीन दिस. तिका पत्तो ना! तेन्नाच कळलां. पण सांगलां तर गाडी बंद दवरतली, पाळी चुकतली. म्हणान आमी गप." मग खाली पाहत म्हणाल्या, "अगरबत्ती हांवच हाडून दिताली. वास मारूंक."

म्हणजे तू देवासाठी लावत होतीस आणि त्या पेट्रोलसाठी लावायला देत होत्या. आम्ही सहाजणी मिळून तुला "येना" सांगत होतो. मला रडू यायला हवं होतं. पण तीन दिवस बांगड्यांच्या वासात गाडी चालवणारी तू डोळ्यांसमोर आलीस आणि हसू फुटलं. त्याही हसल्या. बाराव्याच्या घरात आम्ही दोघी तोंडावर पदर आणि ओढणी धरून हसलो. आई दारातून पाहून गेली.

"पण भियेव नाका," निघताना त्या म्हणाल्या. "सोमारी अगरबत्ती पेटयलीच ना तिणें. म्हयनोभर पेटयनासली. नुसती खोवन दवरताली."

दुसऱ्या दिवशी मी व्हॅन उघडली. गणपतीपुढच्या घरात एक अगरबत्ती उभी होती, टोकाला न जळलेली, धूळ बसलेली. खालच्या कप्प्यात रेशमाकाकींनी दिलेले चार पुडे तसेच. एक महिना म्हणजे आपल्या भांडणापासून. तू माझं ऐकलं होतंस. वाफ जड असते म्हटल्यावर दारं उघडलीस तसंच, काही न बोलता. की फक्त काडेपेटी संपली होती? मी कप्पा पुन्हा चाचपला. काडेपेटी होती, अर्धी भरलेली. तू भांडणात हरलीस आणि मला कळूही दिलं नाहीस. मी जिंकले होते तर निदान एक दिवस तोरा मिरवू द्यायचा होतास.

मी परसूमिस्त्रींना फोन केला. गाडी घेऊन ये, ते म्हणाले. मी चावी हातात घेतली आणि तिथेच थांबले. गाडी घेऊन ये. दोन्ही वेळा तू गाडी घेऊनच गेली होतीस. हळर्णहून तुये, मध्ये फॅक्टरी. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन तापलेलं. वास तर थंड गाडी सुरू करतानाच येतो. म्हणजे जे गळत होतं ते तापलेल्या इंजिनावर पडल्या पडल्या वाळून जात असणार. मिस्त्रींना कोरडंच दिसणार! त्यांची चूक नाही, माझ्या नाकाचीही नाही. इतके दिवस कोणी थंड गाडी त्यांना दाखवलीच नव्हती. आणि आता ती पंधरा दिवस उभी होती, इतकी थंड ती आतोबांनी आणल्यापासून कधी झाली नसेल.

"तुम्हीच या," मी म्हटलं. "सकाळी. मी चावीसुद्धा लावणार नाही."

मिस्त्री आले. त्यांनी तुझ्या तसबिरीला हात जोडले. मग आम्ही तिघांनी, मी, आई आणि त्यांनी, व्हॅन ढकलत बलकांवापासून लांब अंगणाच्या टोकाला नेली. दारं उघडी टाकली. आईने तुळशीपुढची पणतीसुद्धा विझवली आणि वाळूची बादली आणून ठेवली. मी कॉलेजातून खडू आणले होते. एक खडू ठेचून पूड केली आणि इंजिनावरचे पेट्रोलचे सगळे पाइप कोरड्या फडक्याने पुसून सांध्यांवर ती पूड चोळली. मिस्त्री बाजूला बसून पाहत होते. "हे कुठं शिकलीस गं?"

"कुठे नाही. ओलं झालं की पांढरं राहणार नाही, एवढंच."

"लई झालं की तेवढं."

त्यांनी चावी फिरवली. मी नाक आणि डोळे दोन्ही लावून वाकले. पाच-सहा सेकंद काही नाही. मग वास. कच्चा. आणि त्याच क्षणी दिसलं. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप, त्याच्या वरच्या टोकाच्या क्लिपखाली खडूची पांढरी पूड काळपट झाली. एवढासा ठिपका. मग ठिपक्याखाली थेंब लोंबला.

"बंद करा!" मी ओरडले. "कच्चो! कच्चो येता!"

मिस्त्रींनी गाडी बंद केली आणि वाकून पाहिलं. पाइप काढून त्यांनी सुरीने उभा कापला. क्लिपखाली रबराला नखाएवढी चीर, बाहेरून क्लिपने झाकलेली. "आताच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत न्हाई. कडक होतंय, चिरतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी भास म्हणालो हुतो. आक्काला सांगायचं ऱ्हायलं आता." मी म्हटलं, मी सांगते. म्हणून सांगितलं. त्यांनी एक नाही, पेट्रोलचे सगळेच रबरी पाइप नवीन घातले, क्लिपाही नव्या.

दुसऱ्या सकाळी मी एकटीने चावी फिरवली. नव्या सांध्यांवर पुन्हा चोळलेला खडू पांढराशुभ्र. तरी वास आला.

मी तिथेच पायरीवर बसले. वाटलं, हे माझ्याच्याने होणार नाही. मी शिकलेली नाही, नुसती कॉलेजात जाणारी आहे. मग तुझा प्रश्न आठवला, आणि तो जसाच्या तसा स्वतःला विचारला. कच्चो काय पिको? दोन्ही नाही. जुना वास होता, सुकलेला, बंद पेटीतला. मी गाडी बंद केली, गार होऊ दिली आणि चावी न लावताच हुंगत गेले. इंजिनाला वास नव्हता. पाइपांना नव्हता. तुझ्या सीटवर घडी घालून ठेवलेल्या वाकळीला होता. दीड महिना खालून येणारा वास ती पीत होती.

ती वाकळ तुझ्या निळ्या लुगड्याची. मी ती धुवायला नेली आणि दोनदा परत आणून ठेवली. आई म्हणाली, "धू गो. तिणें सीट टोचता म्हणान शिवली ती, पुजूंक न्हय." धुतली. तीन दिवस उन्हात घातली. त्यात तुझं काही गेलं असेल तर आते, माफ कर. तिच्यावर बसले की मी स्टिअरिंगवरून नीट पुढे पाहू शकते. तू माझ्याइतकीच बुटकी होतीस, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

आज सकाळी पोदेर येऊन गेल्यावर मी व्हॅन काढली. पाचहीजणी तिठ्यावर न थांबता अंगणातच आल्या होत्या. मी त्यांना आत बसू दिलं नाही. दारं उघडली, सीट उचलली आणि म्हटलं, आजपासून सगळ्यांनी हुंगायचं आणि खरं सांगायचं. एकीला जरी आला तरी गाडी हलणार नाही, पाळी चुकली तर चुकली. एकीने नाक चोंदलंय म्हटलं, तिला रेशमाकाकींनी बाजूला काढलं. "तूं हुंगूंक उमेदवार न्हय." गणपतीपुढे अबोलीच्या फुलांचा वळेसर घातला. त्याला तसा वासही नसतो, तुझ्या गाडीला तेच शोभेल.

मी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. चारीजणी वाकल्या.

"येना," एक म्हणाली. "येना," दुसरी. तिसरीने परत हुंगलं, मग तीही म्हणाली. रेशमाकाकींनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला, नाक जवळजवळ कार्बोरेटरला लावलं. "येना गो, बाय. देवाशपथ."

मग माझी पाळी. मी हात हलवला नाही, तू सांगायचीस तसं नाक नीट घातलं. रबराचा नवा वास होता, धुतलेल्या वाकळीला साबणाचा. कच्चा नव्हता. पिका नव्हता. त्या सोमवारी तुला दिलेलं उत्तर मला बदलायचं होतं आणि बदलता येत नव्हतं, कारण आज उत्तर तेच होतं. फरक एवढाच, की आज ते खरं होतं. तुझ्या बाजूच्या दाराकडे पाहून मी मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आते, येना."

आणि परसूमिस्त्रींनी त्या दिवशी जो अर्थ घेतला होता, तो तू घेतलास तरी चालेल. पुढची सीट रेशमाकाकींची आहे, पण त्या सरकून बसतील.